उणे 40

जुनी गाडी बिघडली की लोक गाडीला नावं ठेवतात. नवी बिघडली की मालकाला. आमच्या दाजींनी आखाजीच्या मुहूर्तावर नवी पिकअप घेतली आणि आखाजीचे झोके झाडावरून उतरायच्या आत तिच्या डॅशबोर्डवर पिवळी बत्ती लागली. झालं! यावल तालुक्यातल्या त्या गावात यंत्रशास्त्र सोडून बाकी सगळ्या शास्त्रांचे जाणकार ओट्यावर जमले. एकाचं म्हणणं, लिंबू उजव्या चाकाखाली ठेवलं होतं, ते डाव्या ठेवायला हवं होतं. दुसऱ्यानं गाडीच्या नंबराची बेरीज केली, ती आठ आली, आणि आठ म्हणजे शनी. तिसऱ्याच्या मते गाडी थेट वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला नेली, घराजवळची मनुदेवी राहून गेली. देवी लांबची असो की जवळची, मानपान क्रमानं व्हायला हवेत. एक म्हातारे नुसते "पांढरा रंग" एवढंच म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. दाजी सगळ्यात जास्त घाबरले ते त्या दोन शब्दांना.

बत्तीवर इंजिनचं चित्र आहे, असं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलंय. माझ्या बहिणीला ते विहिरीवरच्या मोटारीचं वाटलं. तिनं दोनदा विचारलं, "अहो, मळ्यातली मोटर तर नाही ना जळली? इथं दाखवतेय बघा." पहिले काही दिवस बत्ती लागायची, विझायची, पुन्हा लागायची. विझली की दाजी गाडीच्या टपाला हात लावून कपाळाला लावायचे. शेजारच्या एका ड्रायव्हरनं त्यावर रामबाण उपाय सुचवला: बत्तीवर देवीचं स्टिकर लावा. बत्ती दिसणार नाही आणि देवीचं लक्षही राहील.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला इथं सांगायला हवं की खान्देशात पिकअपवाचून पान हलत नाही. सकाळी ती केळीचे क्रेट भरून धावते, दिवाळीनंतर जिनिंगला कापूस टाकते, मधल्या वेळात जळालेली मोटर रिवाइंडिंगला नेते आणि येताना ठिबकच्या नळ्यांची बंडलं आणते. लग्नसराईत हौद्यात सतरंजी टाकली की वऱ्हाड बसतं (हे आरटीओनं वाचलं नाही असं समजावं), आणि वरात निघाली की त्याच हौद्यात डीजेचे डबे चढतात. तिला सुट्टी नाही, कारण बँकेच्या हप्त्याला सुट्टी नाही. त्यातून माल केळीचा. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण मानांकनाचा कागद दाखवून केळं पिकायचं थांबत नाही. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, भुसावळ तर त्याच्याही पुढे जाण्यात भूषण मानतं. अशा उन्हात भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली तर मालकाचा जीव आधी पिकतो, केळी नंतर.

तर असा माल घेऊन दाजी धुळ्याला निघाले होते. मला धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात एक जुना कागद बघायचा होता, म्हणून मी शेजारी बसलो. बांभोरीचा पूल ओलांडला, पाळधी गेलं, एरंडोलला बत्ती लागली. आम्ही दोघांनी तिच्याकडे न बघण्याचा सभ्यपणा दाखवला. पारोळ्याच्या पुढे मात्र गाडीनं अंग टाकलं. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग वाढेना, आणि बॉनेटखालचा पंखा जो घोंघावायला लागला तो थांबायचं नाव घेईना. याला हल्ली सगळे ड्रायव्हर 'लिंप मोड' म्हणतात. इंग्रजी न येणाराही हा शब्द बिनचूक उच्चारतो, कारण तो अनुभवानं शिकलेला असतो. इंजिनच्या संगणकाला काही गडबड वाटली की तो इंजिनची ताकद आवळून धरतो, म्हणजे नुकसान वाढू नये आणि गाडी कशीबशी मुक्कामाला पोचावी. मुकटीजवळ कडब्याचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. वर बसलेल्या पोरानं हात हलवला. दाजींनी तो अपमान म्हणून घेतला. मला तो आपुलकीचा वाटला. तरसोद ते फागणे या रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडत चाललं होतं, त्या काळात धूळ खाल्लेल्या ड्रायव्हरांना विचारलं तर ते सगळ्या बिघाडांचं खापर अजून त्या धुळीवर फोडतात. दाजींनीही फोडलं. गाडी तेव्हा कारखान्यातून बाहेरही पडली नव्हती, हे मी बोललो नाही.

कंपनीच्या वर्कशॉपनं फोनवर सांगितलं, गाडी ठेवून जा, परवा बघू. केळीला परवा नसतो. धुळ्यात पोचून माल उतरवला आणि पारोळा रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावली. पोरगा वीस-बावीसचा असेल. दाजींनी आधीच बजावलं, "भाऊ, फक्त बघ. हात लावू नको. वॉरंटी जाईल."

त्यानं स्टीअरिंगखाली वाकून सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला. पडद्यावर आकडे सरकायला लागले. बाहेरची हवा 46. बॅटरी ठीक. डिझेलचा दाब ठीक. आणि इंजिनमधलं पाणी: उणे 40 अंश.

आम्ही तिघं बॉनेटमधून येणाऱ्या झळीकडे बघत राहिलो. दाजींनी खात्री करायला रेडिएटरच्या पाइपला बोट लावलं आणि झटकन काढून तोंडात घातलं. पोरगा हसत म्हणाला, "दाजी, गाडीले काही व्हयेल नही. बत्तीच खोटं बोली ऱ्हायनी."

हे उणे 40 येतं कुठून, हे समजलं तेव्हा मला त्या यंत्राविषयी थोडा जिव्हाळाच वाटला. इंजिनच्या पाण्यात जो सेन्सर बुडवलेला असतो तो मुळात एक साधा रोधक. पाणी तापलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, गार झालं की वाढतो. संगणक रोध मोजतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. आता सेन्सरची तार तुटली, किंवा जोड सुटला, तर रोध जवळजवळ अनंत होतो. संगणकाच्या हिशेबी याचा अर्थ एकच: प्रचंड थंडी. त्याच्या कोष्टकात सगळ्यात खालचा आकडा उणे 40 चा आहे, तो तिथं जाऊन थांबतो. योगायोग असा की सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मोजपट्ट्यांवर उणे 40 म्हणजे एकच थंडी, त्यामुळे निदान हे खोटं तरी जगभर सारखं बोललं जातं. संगणक अगदीच भोळा नसतो. आत्ता नव्वद होतं, लगेच उणे 40 कसं, अशी शंका तो घेतो, पी-0118 असा कोड नोंदवतो, बत्ती लावतो, आणि इंजिन तापलेलं असलंच तर जळू नये म्हणून पंखा सोडून देतो. म्हणजे कागदावर सियाचिन आणि पंखा फुल्ल.

पेन्शनरांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. दर नोव्हेंबरात आपण खिडकीसमोर जिवंत उभे असतो आणि आतला माणूस हयातीचा दाखला मागतो. आपल्या जिवंतपणाबद्दल त्याच्या मनात संशय नसतो. बोलतो, हसतो, चहाही पाजतो. पण कागद आला नाही तर पेन्शन थांबते. इंजिन समोर धडधडत होतं, पाइपला बोट भाजत होतं, आणि आतल्या संगणकाकडे दाखला पोचला नव्हता.

"धुतली होती का गाडी?" पोरानं विचारलं.

दाजी माझ्याकडे बघायला लागले. वणीला न्यायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशरच्या पाण्यानं गाडी वरून, खालून, बॉनेट उघडून आतूनसुद्धा धुवून घेतली होती. देवीपुढे स्वच्छ जावं म्हणून. आता वॉरंटीची भीती उणे 40 पेक्षा छोटी वाटायला लागली होती, म्हणून हात लावायची परवानगी मिळाली. त्यानं करंगळीएवढा एक काळा प्लॅस्टिकचा जोड ओढून काढला आणि उन्हात धरला. त्याची कडी अर्धवट लागलेली होती, बहुधा जन्मापासूनच; फटीतून पाणी शिरलं होतं. आत दोन पिना. एक पितळी, लख्ख. दुसरी हिरवी, बुरशी धरलेली. एवढ्या मोठ्या गाडीचं, कर्जाचं, मुहूर्ताचं आणि शनीचं भांडण त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरव्या ठिपक्यात होतं. त्यानं फवारा मारला, बारीक ब्रशनं पिन घासली, जोड कडी वाजेपर्यंत दाबला. पडद्यावर उणे 40 जाऊन 91 आलं. "कोड उडवू का?" त्यानं विचारलं. "नको," दाजी म्हणाले, "पुरावा राहू दे," आणि त्यांनी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला.

नव्या वस्तूनं लवकर बिघडावं यात अभियंत्यांना नवल वाटत नाही. यंत्रांच्या बिघाडाचा त्यांनी एक आलेख काढलेला आहे, तो दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये सपाट असतो. वस्तू नवी असताना बिघाड जास्त: कुठं जोड नीट बसलेला नसतो, कुठं डाग कच्चा राहिलेला असतो. मग बरीच वर्षं शांततेची. मग म्हातारपण, झीज, आणि पुन्हा चढण. जिला सांभाळून संसार करायचा ती मधली सपाटी. पण आपण पेढे वाटतो ते नेमके पहिल्या चढावर. यात मुहूर्तवाल्यांनाही वाईट वाटायचं कारण नाही. पहिले काही दिवस धोक्याचे असतात, हे त्यांनी आलेख न काढताच ओळखलं होतं. लिंबू त्याचसाठी असतं. फक्त ते चाकाखाली ठेवण्याऐवजी कोणी एकदा बॉनेट उघडून जोडाची कडी दाबून पाहिली असती तर बरं झालं असतं.

"पण इतके सेन्सर हवेत कशाला?" हा दाजींचा खरा प्रश्न. शेवभाजी येईपर्यंत मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा आलं, मधला पाचवा टप्पा गाळूनच. डिझेल मोटारीच्या धुरात नायट्रोजनच्या ऑक्साइडना किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅमची मुभा होती, ती 80 वर आली. काजळीला 25 होती, ती साडेचारवर. एवढी मोजूनमापून जळण करायची तर हवा किती आली, एक्झॉस्ट किती तापला, काजळीच्या गाळणीच्या अलीकडे-पलीकडे दाब किती, हे सगळं सतत कोणीतरी सांगत राहायला हवं. 2023 च्या एप्रिलपासून तर गाडी रस्त्यावर धावतानाही धुरावर नजर ठेवणं बंधनकारक झालं. "म्हणजे धूर कमी झाला?" दाजींनी विचारलं. झाला. मागच्या गाडीच्या धुरानं त्यांचा लेंगा काळा व्हायचा, हे त्यांना आठवत होतं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "धुराची बत्ती लागली असती तर मी समजू शकलो असतो."

माझे चुलते आबा याच रस्त्यावर मेटॅडोर चालवायचे. त्यांच्या गाडीत एकही सेन्सर नव्हता. होता तो त्यांचा कान. इंजिनचा सूर बदलला की ते बोलणं मध्येच तोडून एक हात वर करायचे, आणि आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. मग बॉनेट उघडून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे, एकेक जागा बदलत ऐकायचे आणि निकाल द्यायचे: तीन नंबरचा नोझल. बहुतेक वेळा तो तीन नंबरचाच निघायचा. न निघाला तर "चार नंबरची संगत" असं स्पष्टीकरण तयार असायचं. त्या काळात गाडीची खबर ड्रायव्हरकडे असायची आणि बाकीचे त्याला विचारायचे. आता खबर सॉकेटमध्ये असते, ड्रायव्हर रस्त्याकडेला उभा राहून दुसऱ्याला विचारतो. दाजींना खरं दुखलं होतं ते इथं. त्यांना हातानं कळत होतं की इंजिन ठीक आहे, आणि त्यांच्या हाताला मत नव्हतं.

नव्या यंत्रणेचं ऐकायचं की नाही, हा पेच फार मोठ्या माणसांनाही पडला आहे. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री सोव्हिएत लष्कराच्या स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याला नव्या उपग्रह यंत्रणेनं कळवलं की अमेरिकेतून क्षेपणास्त्रं सुटली आहेत, पाच. त्यानं विचार केला, युद्ध सुरू करणारा पाचच कशाला सोडेल? त्यानं वर कळवलं की इशारा खोटा आहे. खोटाच होता, ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशानं उपग्रह फसला होता. ही गोष्ट मी दाजींना भाकरीबरोबर सांगितली. त्यांनी कांदा फोडला आणि म्हणाले, "शाणा होता. पण त्याला हप्ता नव्हता, भाऊ."

खबर कोणी कोणाला द्यायची, याबाबत धुळ्याची एक गंमत आहे. पांझरेच्या काठी काही शतकं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, पाट, आणि त्या पाटाच्या पाण्यावर गावानं नेमलेली माणसं: पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाणी कुठं किती पोचलं याची बातमी या माणसांच्या पायांनी चालत यायची. त्यात चूक झाली तर भांडायला समोर माणूस असायचा, आणि भांडण हीही एक दुरुस्तीच. याच पांझरेवर, 1884 साली मुंबई सरकारच्या नोकरीत लागलेल्या विश्वेश्वरय्या नावाच्या तरुण अभियंत्यानं आपल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक, पाणी नदीपार नेणारा सायफन, बांधला. पुढे त्याच विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणाला असे दरवाजे बसवले की पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडावेत आणि उतरलं की आपोआप मिटावेत. कोणी बघायला नको, कोणी सांगायला नको. पाटकऱ्यांचं पाणी जवळून पाहिलेल्या माणसाला असा दरवाजा सुचावा, यात काही संबंध आहे की नाही मला ठाऊक नाही, पण धुळ्याच्या त्या दुपारी मला तो असावासा वाटला. त्या दरवाजात एक मोठेपणा होता: त्याला कळवणारं पाणीच असायचं आणि हलवणारंही पाणीच. मध्ये कोणी हिरवी पिन नव्हती.

राजवाडे मंडळात जायचं राहूनच गेलं. परत येताना दाजींनी गाडी ऐंशीनं हाणली आणि मुकटीला तो ट्रॅक्टर कुठं दिसतो का ते बघत होते.

कंपनीनं पुढे वॉरंटीत सेन्सर बदलून दिला. तो पुण्याहून यायचा होता, पाऊस पडल्यावर आला. दरम्यान दाजींनी मोबाइलला जोडायचा एक छोटा स्कॅनर मागवला आणि गावातल्या नव्या गाड्या तपासायला सुरुवात केली. फी नाही, चहा चालतो. शनी आणि लिंबूवाले आता गाडी घेऊन आधी त्यांच्याकडे येतात, मग देवीकडे. "पांढरा रंग" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनीही नातवाची मोटारसायकल आणून उभी केली. दाजी चष्मा कपाळावर चढवून पडदा वाचतात, थोडं थांबतात, आणि आबांच्याच थाटात हात वर करतात.

उणे 40 चा तो फोटो मात्र फिरत फिरत बसस्टँडजवळच्या पानटपरीवर गेला. तिथं त्याचा वेगळाच अर्थ लागला. 0118 हा आकडा कोणीतरी मटक्याला लावला. लागला की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. अशा गोष्टी पाहुण्याला सांगत नाहीत. पण श्रावणात चाळीसगावच्या पुढे, औट्रम घाट चढताना, दाजींच्या गाडीनं पी-0335 दिला, क्रँकचा सेन्सर. टोचन करून गाडी गावात आणली, तेव्हा घरी फोन करायच्या आधी टपरीवाल्याचा दाजींना फोन आला होता. "दाजी, वाईट वाटलं हो ऐकून. आकडा तेवढा पुन्हा सांगा. तीन-तीन-पाच ना?"